ओल, ऊन आणि रंग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खोली स्वतःच्या हातानं रंगवायची, सजवायची म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. रंगात किती पाणी घालायचं याबाबत आमचं उत्तर आणि डब्यावरची सूचना यांत फरक पडला, तर डब्यावरचं खरं धरा. प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं असतं.

बेडरूमच्या खिडकीखालची भिंत दर दिवाळीला रंगवतो. पुढचा उन्हाळा संपता संपता तिला पोपडे धरतात. गेल्या वर्षी पेंटरनं वॉटरप्रूफ प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला, तर पोपडे फूटभर वर सरकले. बाकी तिन्ही भिंती चांगल्या आहेत. काय करावं?
— एक वाचक, जळगाव

भाऊ, बाकी भिंती चांगल्या, त्रास फक्त खिडकीखाली आणि तोही उन्हाळ्यात. तेव्हा पहिला संशय कूलरवर घ्या. आपल्याकडे बहुतेक कूलर बोअरच्या पाण्यावर चालतात आणि ते पाणी खारं असतं. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि तळाचं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. हेच पाणी थेंबाथेंबानं खिडकीच्या पाटीवर पडतं, चौकटीच्या फटीतून गिलाव्यात शिरतं आणि घराच्या आतल्या बाजूनं वाळतं. वाळताना क्षार रंगाच्या मागे साचतात, त्यांचे खडे वाढतात आणि रंगाचा पापुद्रा पुढे ढकलतात. पोपड्यामागची पांढरी पूड चिमटीत घेऊन पाहा, बारीक मिठासारखी करकरेल. वॉटरप्रूफ प्रायमरनं पाण्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद केली. पाणी फूटभर वर चढलं आणि तिथून निघालं.

खात्री करायची सोपी रीत आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी सुटलं तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या बाजूला सुटलं तर ती हवेतली ओल आहे, भिंतीचा दोष नाही.

आधी पाणी थांबवा. कूलर भिंतीपासून निदान दोन-तीन इंच दूर, वेगळ्या स्टँडवर बसवा आणि बाहेरच्या बाजूला जरासा कलता ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती वरून भरत राहू नका. खिडकीच्या पाटीला बाहेर उतार आहे का पाहा. पाटीच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंदीची खाच असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीकडे ओघळत नाही. चौकट आणि भिंत यांमधली फट सिलिकॉननं भरा.

मग भिंतीकडे वळा. ओल दिसते त्याच्याही पलीकडे चहूबाजूंनी फूटभर गिलावा विटेपर्यंत काढा. विटांच्या सांध्यांतला खराब माल अर्धा इंच खोल खरवडा. विटांवरची पांढरी पूड कोरड्या ब्रशनं झाडा आणि खाली कागद अंथरून तिथून उचलून टाका. ती पाण्यानं धुऊ नका. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात आणि वाळल्यावर परत वर येतात. भिंत निदान महिनाभर उघडी ठेवा, मधूनमधून नवी पूड आली की झाडत राहा. पूड यायची थांबली म्हणजे गिलाव्याची वेळ झाली.

नवा गिलावा एकास चार, म्हणजे एक घमेलं सिमेंटला चार घमेली चाळलेली, धुतलेली वाळू. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिली लागतं. पाणी मात्र नळाचं वापरा. बोअरच्या पाण्यात गिलावा कालवला की क्षार आपणच परत भिंतीत भरतो. सात दिवस पाणी मारा, एकूण २८ दिवस थांबा, प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्या आणि मगच पुट्टी लावा. हे काम उन्हाळा संपता सुरू केलं तर पावसात रेंगाळतं. नवरात्राच्या आसपास गिलावा काढला तर दिवाळी हुकेल, पण थंडीत भिंत नीट वाळते. एक दिवाळी ती भिंत उघडी राहिली तरी चालेल.

ओल जोत्यापासून सगळ्या भिंतीभर दोन-तीन फूट एकसारखी चढलेली असेल, तर प्रकरण वेगळं आहे. ती जमिनीतली ओल आहे. बाहेरच्या अंगणाची माती जोत्याच्या वर आली आहे का ते आधी पाहा आणि ती खाली उतरवा.

मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच हॉल रंगवायला घेतला. रोलर फिरवताना रंग ओढला जातो आणि वाळल्यावर पट्टे दिसतात. पुट्टीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. रंग आणि पुट्टी दोन्ही खराब निघाले का?
— एक वाचक, भुसावळ

माल बहुधा ठीक आहे, ऊन नडलं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बहुतेक रंगांच्या डब्यांवर ४० अंशांच्या आत काम करा असं लिहिलेलं असतं. पश्चिमेची भिंत तर रात्री दहालाही हाताला गरम लागते.

पुट्टीचं आधी सांगतो. भिंतीची पुट्टी म्हणजे मुख्यतः पांढरं सिमेंट, आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. तापलेल्या कोरड्या भिंतीवर ती लावली की भिंत काही मिनिटांत तिच्यातलं पाणी शोषून घेते. सिमेंट कच्चंच राहतं आणि भुकटी होते. अशा पुट्टीवर प्रायमर मारून भागत नाही. जिथे भुकटी सुटते तिथली पुट्टी पत्र्यानं खरवडून काढा. किती काढायची हे काळ्या फडक्यानं कळतं. फडकं दाबून फिरवा, पांढरं झालं तर अजून काढा.

नवी पुट्टी लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडा. भिंत ओलसर हवी, पण पाणी ओघळता कामा नये. एक किलो पुट्टीला ३६० ते ३८० मिली पाणी घ्या. दहा-पंधरा मिनिटं नीट घोटा, दहा मिनिटं तशीच ठेवा, पुन्हा घोटा. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट व्हायला लागली म्हणून वरून पाणी घालून ती पुन्हा जिवंत होत नाही, तिची ताकद तेवढी जाते. म्हणून एका वेळी तीन-चार किलोच कालवा. पहिला हात खालून वर ओढा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खोल खड्डे आधी वेगळे भरून घ्या, ते पुट्टीच्या जाड थरानं बुजवायला गेलात तर तडकतात. चोवीस तासांनी १८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं आणि मग ३२० चा. पेपर मारताना नाकातोंडाला मास्क हवाच.

आता पट्ट्यांचं. एक पट्टा ओला असतानाच दुसरा त्याला भिडला पाहिजे. पहिला वाळला आणि मग दुसऱ्याची कड त्यावर चढली, की तिथे रंगाचे दोन थर होतात आणि जोड दिसतो. उन्हाळ्यात रंगवायचंच असेल तर काम सकाळी सहा ते दहा. पंखा आणि कूलर रंग लावताना बंद, भिंत पूर्ण झाल्यावर चालू. ज्या भिंतीवर ऊन पडतं त्या खिडकीला चादर लावा. रोलर सुरुवातीला पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, म्हणजे तो रंगातलं पाणी पिणार नाही.

आणि एक सवय सोडा. बरेच जण आधी सगळ्या खोलीच्या कडा आणि कोपरे ब्रशनं रंगवून घेतात, मग रोलर हातात घेतात. उन्हाळ्यात तोवर कडा वाळून गेलेल्या असतात आणि छताखाली चौकटीसारखी गडद पट्टी उरते. दोघांनी काम करा. एकानं तीन-चार फुटांची कड ब्रशनं भरायची, दुसऱ्यानं लगेच तिथे रोलर फिरवायचा. रोलरचा पट्टा दोन फूट रुंद, छतापासून खालपर्यंत. शेवटचा हात न दाबता, वरून खाली, एकाच दिशेनं. थांबायचं ते कोपऱ्यातच, भिंतीच्या मध्ये कधीच नाही. चहा आला तरी भिंत पुरी करा.

झालेले पट्टे घालवायला २२० च्या पेपरनं भिंत हलकी घासा, पुसा आणि ती पूर्ण भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पुन्हा रंगवा. नुसत्या पट्ट्यांवर रंग लावला तर नवे डाग तयार होतील.

१० बाय १२ ची खोली आहे, उंची १० फूट. दुकानदार २० लिटरची बादली घ्या म्हणतो. किती सामान लागेल?
— एक वाचक, दोंडाईचा

चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. ३ बाय ७ चं एक दार आणि ४ बाय ४ ची एक खिडकी वजा केली की ४०३ उरतात. छताचे १२० वेगळे.

गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातांना लिटरमागे ६० ते ७० चौरस फूट जातं. म्हणजे भिंतींना सहा-सात लिटर. छताला दोन लिटर पांढरा. प्रायमर एका हाताला लिटरमागे साधारण १०० चौरस फूट धरा, छतासकट पाच लिटर. पुट्टी दोन हातांना किलोमागे १२ चौरस फुटांच्या आसपास, तेव्हा भिंतींना ४० किलोची एक गोणी पुरते. गिलावा खरखरीत असेल तर दीड लागेल.

२० लिटरची गरज नाही. ४ लिटरचे दोन डबे घ्या, पण दोन्ही एकाच वेळी मशीनवर शेड करून घ्या. सुरू करण्याआधी ते एका स्वच्छ बादलीत एकत्र ओता. एकाच नंबरच्या दोन डब्यांतही कधी कधी उन्नीस-बीस फरक असतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. क्रम असा: छत, भिंती, मग दारं-खिडक्या, शेवटी खालची पट्टी.

गावाकडचं घर धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं), मातीच्या भिंतींचं आहे. दर वर्षी कानबाईच्या सणाआधी चुना लावतो. या वेळी मुलगा म्हणतो, पुट्टी लावून प्लॅस्टिक पेंट मारू, म्हणजे दर वर्षीची कटकट जाईल. लावावा का?
— एक भगिनी, यावल तालुका

ताई, लावू नका. मुलाचा हेतू चांगला आहे, पण मातीच्या भिंतीला ते मानवत नाही. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते. ओल घेताना किंचित फुगते, सोडताना आकसते. पुट्टी किंवा सिमेंटचा गिलावा कडक असतो, तो तिच्याबरोबर हलत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तो मातीपासून सुटतो. बोटानं ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो. मग धाबं कुठे गळलं की ते पाणी या कडक थराच्या मागे अडकून राहतं, आतली माती भिजून ढासळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. धाब्याच्या घरांना पिढ्यान् पिढ्या चुनाच लागला, त्यामागे हे कारण आहे.

तुमची वेळही अगदी योग्य आहे. कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे चुना लागतो आषाढाच्या शेवटी किंवा श्रावणाच्या तोंडावर. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. मे महिन्यात लावलेला चुना तासाभरात कोरडा होतो आणि कपड्याला लागतो. पावसाळ्यातला जास्त टिकतो, फक्त बाहेरच्या भिंतीवर सर येऊन पडणार नाही एवढं बघा.

कटकट कमी करायची असेल तर चुनाच नीट तयार करा. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी. भांडं लोखंडी ड्रमसारखं घ्या, प्लॅस्टिकची बादली नको, चुना उकळतो. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं केलं तर चुना उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घातल्याशिवाय हे काम करू नका, आणि मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं सतत धुवा आणि तडक दवाखाना गाठा. भिजवलेला चुना निदान चोवीस तास ठेवा, आठवडा ठेवलात तर आणखी चांगला. नंतर तो कापडातून गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक, बादलीभर म्हणजे १५ लिटर चुन्याला ६० ग्रॅम, त्यात घाला. नीळ हवी तर किलोभर कळीला २-३ ग्रॅमच, जास्त झाली की भिंत आजारी दिसते.

लावताना भिंत आधी पाण्यानं ओलसर करा. चुना दुधासारखा पातळ हवा. ओला असताना तो पारदर्शक दिसतो आणि भिंत झाकलीच नाही असं वाटतं. तिथेच माणूस घाबरून दाट चुना फासतो आणि मग त्याचे पापडे निघतात. वाळेपर्यंत धीर धरा, तो दुसऱ्या दिवशी पांढरा होतो. असे तीन पातळ हात, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा, दोन हातांमध्ये एक दिवस. मागच्या वर्षांचे जाड थर सुटत असतील तर आधी ते खरवडा, नाहीतर नवा चुना त्यांच्यासकट खाली येईल.

भिंतीला खड्डे असतील तर ते काम ज्येष्ठातच उरका, पाऊस लागला की माती वाळत नाही. शेतातली काळी माती यासाठी घेऊ नका, ती वाळताना फाटते. पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र कालवून पाच-सात दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. भिंतीचा खड्डा ओला करून अर्ध्या इंचाहून पातळ थर द्या, तो वाळला की दुसरा.

मुलाची हौस भागवायची असेल तर दारं-खिडक्या आणि लाकडी खांब त्याच्या हाती द्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे गडद हिरवं किंवा निळं लाकूड फार शोभतं.

घर बांधून चार वर्षं झाली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत. पावसाळ्यात त्या बारीक होतात, उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. दोनदा पुट्टी भरली, दोनदा फाटली. आता काय भरावं?
— एक वाचक, शहादा

आत्ता काहीच भरू नका. भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते, यावरून कळतं की घराखालची काळी माती हलते आहे. तापीकाठची ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते, शेतात मे महिन्यात भेगा पडतात तशीच. जिवंत भेगेत कितीही भारी माल भरला तरी तो फाटणार.

भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवा, दोन्ही टोकं सिमेंटनं किंवा एपॉक्सीनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. अशा पट्ट्या तीन-चार भेगांवर लावा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा थांबा. काच तडकली तर घर अजून हलतं आहे.

दरम्यान बाहेर काम करा, खरा इलाज तिथेच आहे. घराभोवती चार-पाच फूट रुंद फरशी किंवा काँक्रीट घाला, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. गच्चीच्या पाइपचं पाणी जोत्याशी पडू देऊ नका, पुढे लांब न्या. भिंतीला लागून केळी किंवा फुलझाडं असतील आणि त्यांना रोज पाणी पडत असेल, तर ती हलवा. मातीतली ओल वर्षभर सारखी राहिली की तिची हालचाल कमी होते.

काच वर्षभर शाबूत राहिली तर भरायला हरकत नाही. भेग पाव इंच रुंद व्ही आकारात उघडा, धूळ ब्रशनं काढा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. तो वाळला की वर दोन इंची फायबरची जाळीपट्टी आणि मग पुट्टी. बीम आणि विटांच्या सांध्यावर सरळ आडवी भेग असेल, तर ती बहुधा मातीमुळे नसते. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात म्हणून ती पडते. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून कोंबडी जाळी ठोका आणि एकास चारचा गिलावा करा.

भेगेत रुपयाचं नाणं उभं शिरत असेल, दारं अडकायला लागली असतील किंवा भेग कॉलममधून जात असेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

स्वयंपाकघरात आधी चूल होती, आता गॅस आहे. भिंतीला दोन हात रंग दिला, तरी आठ दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर आले.
— एक भगिनी, चाळीसगाव

ताई, धुराची काजळी आणि फोडणीचं तेल पाण्याच्या रंगात विरघळून वर येतं. आणखी दोन हात दिले तरी येणार.

एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून स्पंजानं भिंत धुवा. मोजे घाला. धुवायला खालून सुरुवात करा आणि वर जा. वरून सुरू केलं तर मळकं पाणी कोरड्या भिंतीवर ओघळतं आणि त्या रेघा निघता निघत नाहीत. मग दोनदा साध्या पाण्यानं पुसून तीन-चार दिवस वाळू द्या. त्यानंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा ऑइल प्रायमर एक हात मारा. तो डाग आत कोंडून ठेवतो, पाण्याचा प्रायमर ठेवत नाही. हा प्रायमर पेट घेतो, म्हणून सिलिंडर आधी खोलीबाहेर काढा, खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि वास जाईपर्यंत काडी ओढू नका. दुसऱ्या दिवशी धुता येणारं, किंचित चमकीचं इमल्शन. मॅट फिनिश स्वयंपाकघरात नको, त्यावर हळदीचा हात लागला की डाग राहतो.

जुन्या सागवानी दारावर ऑइल पेंटचे बरेच थर आहेत. घरात दोन वर्षांचं मूल आहे. घासून काढावेत का?
— एक वाचक, नंदुरबार

कोरडे घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसं असू शकतं. घासताना उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. ब्लो टॉर्चनं जाळून काढणं तर त्याहून वाईट.

जुना रंग घट्ट असेल तर तो काढूच नका. २२० चा वॉटर पेपर ओला करून चमक जाईपर्यंत घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, चिखल ओल्या फडक्यानं टिपा आणि फडक्यासकट फेकून द्या. मूल त्या दिवशी आजीकडे ठेवा. नंतर खड्ड्यांत लांबी म्हणजे लाकडाची पुट्टी भरा, वुड प्रायमर आणि इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. दार बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवलं तर रंग ओघळत नाही. दाराची वरची आणि खालची कड रंगवायला विसरू नका. ती कोरी राहते, तिथूनच लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि दार फुगतं.

एका भिंतीला वॉलपेपर लावायचा आहे. भिंत १२ फूट रुंद, साडेदहा फूट उंच. एक रोल ५७ चौरस फुटांचा आहे, तर तीन रोल पुरतील ना?
— एक वाचक, अमळनेर

चौरस फुटांचा हिशेब इथे चालत नाही, पट्ट्यांचा करा. हा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो. १२ फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर, त्यात ७ पट्ट्या बसतात. साडेदहा फूट म्हणजे ३२० सेंटिमीटर, वरखाली कापायला १० धरा, एक पट्टी ३३० ची. एका रोलमध्ये अशा तीन जेमतेम बसतात, म्हणजे साध्या कागदाला तीन रोल पुरतील. पण कागदावर नक्षी असेल आणि ती दर ५३ सेंटिमीटरनं फिरून येत असेल, तर नक्षी जुळवायला प्रत्येक पट्टी ३७१ ची कापावी लागते. मग रोलमध्ये दोनच पट्ट्या निघतात आणि चार रोल लागतात. रोलच्या वेष्टणावर नक्षीचं अंतर छापलेलं असतं, ते पाहूनच घ्या, आणि सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या.

पहिली पट्टी कोपऱ्याला चिकटवून लावू नका. कोपरे क्वचितच सरळ असतात. कोपऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून पेन्सिलीची उभी रेघ मारा आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावा. उरलेले तीन सेंटिमीटर कोपऱ्यात वळवून कापा. भिंतीला जराही ओल असेल तर वॉलपेपरचा विचार सोडा, मागे बुरशी धरते. जळगावच्या वाचकांना सांगितलेली प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा तुम्हीही आधी करून घ्या.

पहिला आणि दुसरा हात यांच्यामध्ये रोलर रोज धुवावा का?
— एक वाचक, पारोळा

दुसऱ्या दिवशी तोच रंग लावायचा असेल तर गरज नाही. रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळा आणि सावलीत ठेवा, सकाळपर्यंत ओला राहतो. काम संपल्यावर मात्र लगेच धुवा आणि उभा टांगून वाळवा. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, वर खोलीचं नाव आणि शेडचा नंबर लिहा. अर्धा रिकामा डबा ठेवला की आत हवा राहते आणि वर साय धरते.